दुसरी पावती

लोकांकडून पैसा गोळा करणे हे काम कठीण, आणि त्यातही अनोळखी मनुष्याकडून पहिला रुपया मिळविणे सर्वांत कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. गेली नऊ वर्षे आमच्या वस्तीतील मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीची पावतीपुस्तके सांभाळल्यानंतर या समजास मान डोलाविणे आम्हांस जमत नाही. पहिला रुपया मनुष्य नाना कारणांनी देतो. कोणी भिडेखातर देतो, कोणी शेजाऱ्याने दिला म्हणून देतो, कोणाच्या घरी नुकतेच मंगलकार्य झालेले असते, कोणाचे मन त्या दिवशी हळवे झालेले असते. आणि पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या दोघा पोक्त गृहस्थांना एकदाचे वाटेला लावावे, म्हणूनही कोणी देतो. त्यात वाईट काही नाही. परंतु दुसऱ्या वर्षी तोच मनुष्य जेव्हा पुन्हा पाकीट उघडतो, तेव्हा त्याने मधल्या बारा महिन्यांत आपल्या मनाशी काही एक निवाडा केलेला असतो. तो निवाडा आपल्या बाजूने व्हावा कसा, हा खरा कठीण प्रश्न होय.

हा प्रश्न आमच्याच इंदूरपुरता आहे असेही नाही. अमेरिकेत देणग्यांच्या नोंदी फार बारकाईने ठेवतात. तेथेदेखील नव्याने देणाऱ्या पाचांपैकी सुमारे चार जण पुढील वर्षी फिरकत नाहीत, असे त्या नोंदी सांगतात. हे वाचून आमच्या कार्यकारिणीतील एका सभासदास मोठे समाधान वाटले. आम्हांस वाटले नाही, त्याचे कारण असे.

आम्ही सरकारी शाळेत मुख्याध्यापक आहोत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण विनामूल्य झाले आणि आठवीपर्यंत बहुतेक मुले, रडतखडत का होईना, येऊन पोहोचतात. खरी अडचण नववीपासून पुढे सुरू होते. काही शासकीय योजना आहेत, त्यांचा लाभही होतो. तरीपण मंडळाच्या परीक्षेचे शुल्क, प्रयोगवह्या, दूरच्या शाळेचे बसभाडे आणि घरच्या कमाईला मुकल्याची चुटपुट हे सारे एकाच वेळी त्या घराच्या अंगावर येते. नववी ते बारावी ही चार वर्षे. देणगीदार मात्र एका वर्षाचा. एका वर्षाच्या मदतीवर चार वर्षांचे शिक्षण सुरू करून देणे म्हणजे नदीच्या मध्यापर्यंत नाव नेऊन वल्हे काढून घेण्यासारखे आहे.

निधीच्या दुसऱ्याच वर्षी याचा दाखला मिळाला. नववीतील एका मुलीच्या बसभाड्याची सोय पहिल्या वर्षीच्या देणग्यांतून झाली होती. वडील रंगकाम करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलगी गणितात चांगली. दुसऱ्या वर्षी पावतीपुस्तकातील निम्मी नावेदेखील पुन्हा दिसेनात, नव्या देणग्या नव्या मुलांच्या नावे ठरलेल्या, आणि कार्यकारिणीत कोणाचे नाव ठेवायचे व कोणाचे गाळायचे यावर रात्री दहापर्यंत खल झाला. दिवाळीनंतर ती मुलगी वर्गात दिसली नाही. तिच्या आईने आमच्या शिक्षिकाबाईंना सांगितले, "बाई, आधीच नाही म्हणाला असतात तर आम्ही तिला तेव्हाच कामाला लावली असती. एक वर्ष कशाला शिकवलंत?" या प्रश्नाला उत्तर नव्हते. पहिले दान हे एका अर्थी वचन असते आणि ते वचन देणाऱ्यास ठाऊक नसते. घेणाऱ्यास मात्र फार लवकर ठाऊक होते.

मोठ्या माणसांच्या चरित्रांतही हे दिसते. आमच्या इंदुराला लागूनच महू आहे. तेथे १८९१ साली जन्मलेल्या भीमराव आंबेडकरांना सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, हे सर्वांस माहीत असते. पुढील भाग तितकासा सांगितला जात नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली लंडनमधील अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईस प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला, एका मित्राकडून कर्ज घेतले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हा कोठे तो अभ्यास पुरा झाला. ज्यांच्यापाशी असली जिद्द नव्हती, मित्र नव्हता आणि शाहू महाराज नव्हते, अशा किती जणांचे लंडन १९१७ सालीच संपले असेल, याची गणती कोणी ठेवली नाही.

आमच्या वाडवडिलांना मात्र ही गोष्ट उमगलेली असावी, कारण पुन्हा पुन्हा द्यावयाच्या दानासाठी मराठी भाषेत खास शब्द आहेत. वर्षासन हा त्यांतील आमचा आवडता. एखाद्या विद्वानास वा देवस्थानास वर्षाचे वर्षाला ठरलेली रक्कम पावती होत असे, ते वर्षासन. देवळातील नंदादीप तसाच. समई एकदा लावून दिल्याने तो होत नाही, रोजच्या तेलाची तजवीज करावी लागते. अहिल्याबाई होळकरांची नावाजलेली कामे आपण घाट, मंदिरे आणि विहिरी अशी दगडांत मोजतो. परंतु अन्नछत्रे चालू राहावीत, पूजाअर्चा खंडू नये, यासाठी त्यांनी ज्या नेमणुका लावून दिल्या, त्यांमुळे त्या दगडांना अर्थ राहिला.

आणि वार! आमच्या आजोबांनी ग्वाल्हेरीस वार लावून शिक्षण केले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार लागले की विद्यार्थ्याची जेवणाची चिंता मिटे. कोणा एका घरावर फारसा भार नाही. वाढलेले पान मात्र दर सोमवारी ठरलेले. त्या पद्धतीत दोष होते, आणि ते आम्ही झाकू इच्छित नाही. पंक्तीत खाली मान घालून बसावे लागे, घरची बारीकसारीक कामे करावी लागत, आणि हा सारा प्रकार बहुतांशी जातीच्या कुंपणाआडच चाले. ते कुंपण मोडण्याचे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटलांसारख्यांचे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली, साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली, आणि खेड्यापाड्यांतील गृहिणींकडून मुष्टिफंड उभा केला. दळण काढताना एक मूठ धान्य बाजूस काढायचे. देणाऱ्या बाईस श्रीमंत असण्याचे कारण नव्हते, आणि एकदा दिले म्हणून सुटले असेही होत नव्हते. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची कल्पनाही याच जातीची. प्रत्येकाकडून निदान एक पैसा मागायचा, म्हणजे नाही म्हणावयास कोणास तोंड राहत नाही. आणि त्या पैशापैशांतून तळेगावास १९०८ साली काचेचा कारखाना उभा राहिला. लहान रक्कम पुन्हा मागता येते. मोठी रक्कम दिलेला मनुष्य मात्र आपण जन्माचे देऊन चुकलो, अशा समजुतीत राहतो, आणि त्यास पुन्हा विचारावयास आपलीही जीभ रेटत नाही.

आता आमच्या वहीकडे वळू. या वहीत सुरुवातीस नाव, पत्ता, रक्कम आणि पावती क्रमांक असे चार रकाने होते. तिसऱ्या वर्षी त्यांत आणखी एक रकाना आम्ही आखला: निमित्त. हा रकाना भरू लागल्यापासून पुष्कळ उलगडा झाला. मुलाचा पहिला पगार, नातवाची मुंज, षष्ठ्यब्दी, सहस्रचंद्रदर्शन ही निमित्ते आनंदाची खरी, पण ती पुन्हा येत नाहीत. तेथे दुसऱ्या वर्षी पत्र लिहिताना नवे निमित्त शोधावे लागते. उलट, आईच्या किंवा वडिलांच्या श्राद्धानिमित्त दिलेली देणगी आपल्या पायाने परत येते, कारण तिथी दरवर्षी येतेच. आम्ही काय करतो, तर तिथीच्या पंधरा दिवस आधी एक पत्र पाठवितो. त्यात मागणी नसते. 'आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ गेल्या वर्षी जी रक्कम आली, तीतून दहावीच्या एका विद्यार्थ्याचे परीक्षा शुल्क व सहा महिन्यांचे बसभाडे झाले; तो उत्तीर्ण झाला; तिथी जवळ आली म्हणून आठवण झाली', इतकाच मजकूर. ज्यास द्यावयाचे तो देतो. न दिले तरी त्याच्या आईची तिथी परक्या कोणी ध्यानात ठेवली, याचा त्यास राग येण्याचे काही कारण नाही.

या तिथीच्या कामी एकदा मोठी मौज झाली. येथील हिंदी पंचांगात महिना पौर्णिमेस संपतो आणि आपल्या मराठी पंचांगात अमावास्येस. त्यामुळे शुक्ल पक्ष दोन्हींकडे एकाच नावाचा असला, तरी आपला ज्येष्ठ वद्य तो त्यांचा आषाढ कृष्ण होतो. आमच्याकडे मदतीस येणाऱ्या एका उत्साही तरुणाने वहीतील 'ज्येष्ठ वद्य पंचमी' ही नोंद हिंदी पंचांगात पाहिली आणि पत्र एक महिना आधी धाडून दिले. राजेंद्रनगरातील त्या बाईंनी देणगी तर पाठविलीच, वर एक मराठी दिनदर्शिका पाठवून लिहिले की, पिढ्यान् पिढ्या माळव्यात राहूनही आमच्या सासूबाईंचे श्राद्ध मराठी महिन्यानेच होते, हे आपल्या चिरंजीवांस समजावून द्यावे. तो तरुण आता हा विभाग बिनचूक सांभाळतो.

आभाराच्या पत्रासंबंधी आमचे मत थोडे कडक आहे. देणगी आल्यापासून आठ दिवसांच्या आत ते गेले पाहिजे, हाताने लिहिलेले असले पाहिजे, आणि त्यात पुन्हा मागणी असता कामा नये. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वडिलांच्या वर्षश्राद्धास एका संस्थेस अकरा हजार रुपये दिले. चार महिन्यांनी छापील पावती आली, तीत वडिलांचे नाव चुकलेले. आणि त्याच पाकिटात इमारत निधीचे आवाहन, 'आपण निदान एकवीस हजार द्यावेत' अशा सूचनेसह. गृहस्थ शांत स्वभावाचे. त्यांनी ती पावती देवघरात ठेवावी की केराच्या टोपलीत टाकावी, एवढेच आम्हांस विचारले. त्या संस्थेचे कार्य उत्तम आहे, हे आम्ही जाणतो आणि म्हणूनच तिचे नाव घेत नाही. करसवलतीचे प्रमाणपत्रदेखील मागावयास लावू नये. रोखीने २००० रुपयांच्या वर दिल्यास ती सवलत मिळत नाही, हे पैसे घेण्यापूर्वीच सांगून टाकावे. मागाहून कळले की दात्यास फसविल्यासारखे वाटते आणि तो बोलून दाखवीत नाही, येणे तेवढे सोडतो.

वार्षिक समारंभांविषयी जितके थोडे लिहावे तितके बरे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि पाऊण तासाचे अध्यक्षीय भाषण यांत मोठ्या देणगीदाराचा सत्कार होतो. शंभर रुपये देणारी सेवानिवृत्त परिचारिका मागच्या रांगेत बसते आणि शालींची किंमत मनातल्या मनात मोजते. आम्ही शाली बंद केल्या. दोन प्रतिष्ठित मंडळी नाराज झाली, ती अद्याप आहेत.

परंतु सर्वांत बिकट प्रश्न वेगळाच आहे. दात्याने पुन्हा द्यावे असे वाटत असेल, तर त्याच्या पैशाचे काय झाले हे त्यास दिसले पाहिजे. आणि दिसावे म्हणून सर्वांत सोपा उपाय म्हणजे मुलास व्यासपीठावर उभे करणे. वह्यांचा गठ्ठा, त्यामागे मूल, शेजारी हसतमुख दाते आणि समोर छायाचित्रकार. हा प्रकार आम्हांस पाहवत नाही. बत्तीस वर्षे वर्गावर काढल्यावर एवढे नक्की कळते की, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलास गरिबी तितकी लागत नाही, जितकी ती चारचौघांत दाखविली गेल्याची लागते. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या छायाचित्रावरून त्यास नाव पडते.

चार वर्षांपूर्वी एका उद्योजक गृहस्थांनी प्रथमच २५,००० रुपये दिले. दुसऱ्या वर्षी तेवढेच देण्यास ते तयार होते. अट एवढीच की, मुलांबरोबर एक छायाचित्र व्हावे. आम्ही नाही म्हटले. कार्यकारिणीत यावर बरेच वाजले. "एका फोटोनं पोरांचं काय झिजलं असतं, सर?" असा रोकडा सवाल आमच्या कोषाध्यक्षांनी केला. त्या रकमेत तीन मुलींचे वर्षाचे बसभाडे निघाले असते, हे त्यांचे म्हणणे खरे होते, आणि नदीच्या मध्यातील नावेची गोष्ट आम्हीच त्यांना सांगितलेली होती. तरी आम्ही ठाम राहिलो. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. तीन मुलींचे भाडे त्या वर्षी रामबागेतील घरोघर फिरून शंभर-दोनशेंनी गोळा करावे लागले.

याच सुमारास निधीकडे एक वृद्ध गृहस्थ आले. येथील एका जुन्या कापडगिरणीत ते जॉबर होते. गिरणी १९९१ साली बंद पडली, आणि कामगारांची हक्काची देणी हाती पडावयास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. बत्तीस वर्षे. त्यांच्या बरोबरीचे कित्येक जण तोवर गेलेही. आलेल्या पैशातून त्यांनी पाच हजार एक रुपये काढून आणले होते. त्यांच्या आयुष्यातील ही पहिली देणगी. आम्ही पावती लिहीत असता ते म्हणाले, "सर, मला पोराचं तोंड बघायचं नाही. आम्ही रेशनच्या रांगेत उभं राहून तोंडं दाखवलीत पुष्कळ. पण पैसा कुठं गेला ते मला कळायला पाहिजे. नाही कळलं तर पुढच्या वर्षी मी येणार नाही, हे आत्ताच सांगतो."

"काका, तुम्हांला पै पैचा हिशेब मिळेल," आम्ही म्हणालो.

तेव्हापासून आम्ही जे पत्र लिहितो, ते मुळात त्यांच्यासाठी घडविलेले आहे. त्यात मुलाचे नाव नसते, शाळेचे नसते, छायाचित्र नसते. इयत्ता असते, खर्चाची एकेक बाब रुपयांनिशी असते, आणि शाळेत काय चालले आहे, याच्या चार ओळी असतात. त्या ओळी खऱ्या असल्या पाहिजेत असा आमचा दंडक आहे. एका सहामाहीस आम्ही लिहिले की, विद्यार्थी इंग्रजीत नापास झाला असून शिकवणीस जाण्याऐवजी गॅरेजमध्ये रमतो. कोषाध्यक्षांना वाटले, आता काका संपले. काका पायी आले, एक हजार रुपये ठेवले आणि म्हणाले, "इंग्रजीच्या मास्तरला द्या. अन् गॅरेज सोडायला सांगू नका त्याला." दात्यास सतत यशाच्या वार्ता हव्या असतात, ही समजूत ज्यांनी पसरविली, त्यांनी दाते जवळून पाहिले नसावेत. आपल्याशी कोणी खरे बोलते आहे, याची भूक लोकांना अधिक असते.

अलीकडे एक नवीच अडचण उद्भवली आहे. गणेशोत्सवात आम्ही मंडपाबाहेर तो मोबाईलचा चौकोनी कोड लावला. तरुण मंडळी चालता चालता पैसे पाठवितात. पूर्वी कधी न दिलेली मुले-मुली पन्नास, शंभर, पाचशे देतात, ही फार चांगली गोष्ट. पण खात्यावर उमटते ते अर्धवट नाव आणि काही आकडे. पत्ता नाही, निमित्त नाही. आभार मानावे तर कोणाचे? गतवर्षी आम्ही मंडपात एक साधी वही ठेवली आणि वर लिहिले, 'आपल्या पैशाचे काय झाले हे कळावे असे वाटत असल्यास पत्ता किंवा नंबर लिहावा.' सक्ती नाही. ज्यांनी लिहिले, त्यांना सहा महिन्यांनी कळविले. त्यांपैकी बऱ्याच जणांनी पुन्हा दिले, आणि एकीने तर दर महिन्याचा वारच लावून घेतला आहे. वार हा शब्द तिच्या आजीने तिला सांगितला, असे तिने लिहिले होते.

ती रंगकाम करणाऱ्यांची मुलगी पुढे शाळेत आली नाही. तिची धाकटी बहीण यंदा नववीत आहे. तिचे नाव घालताना कार्यकारिणीने ठराव केला की, यापुढे ज्याच्या चार वर्षांची तजवीज वहीत दिसत नाही, असे नाव घालावयाचेच नाही. त्यामुळे यादी लहान झाली. अर्ज एकोणीस होते. नावे अकराच घेता आली. उरलेल्या आठ घरी आम्ही स्वतः जाऊन नाही म्हणून आलो.

भाद्रपद वद्य पक्षातील तिथ्यांची पत्रे या महिनाअखेर लिहावयाची आहेत. ज्यांच्या घरून या अगोदर एकदा देणगी आली आहे आणि पत्ता मात्र बदलला आहे, त्यांनी तो मासिकाच्या कचेरीत कळवावा. आम्ही तेथून घेऊ. आणि ज्या वाचकांकडे बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील मंडळांची अशीच पावतीपुस्तके असतील, त्यांनी आपल्या वहीत कोणते रकाने आहेत, ते लिहून पाठविल्यास आम्हांस हवेच आहेत.